सिंक ठीक आहे, वन्सं

गुडगाव,
ता. १८ ऑक्टोबर २००२

ती. विजयावन्सं यांना, पदर सावरून आणि दोन पावलं मागे उभी राहून, अलकनंदाचा वाकून नमस्कार.

पहिली गोष्ट म्हणजे सिंक ठीक आहे. हे वाक्य खरं तर पत्राच्या शेवटी यायचं, पण तुमचं ब्लडप्रेशर लक्षात घेऊन वर घेतलंय. आता चष्मा लावा, खुर्चीत नीट टेका आणि सावकाश वाचा. गुडघा कसा आहे? तेल चोळता ना, की बळवंतरावांच्या गुडघ्यांना चोळून आपला तसाच ठेवता? बळवंतरावांची साखर काय म्हणते? दसऱ्याला श्रीखंड झालं असणार आणि त्यांनी वाटी दोनदा पुढे केली असणार, मला माहीत आहे. इकडे तुमचे भाऊ बरे आहेत. तनया बरी आहे (अभ्यास करते, असं तिचं म्हणणं आहे). मी आता बरी आहे. मधले तीन आठवडे कशी होते ते पुढे येईलच.

तुमचं ऑगस्टमधलं पत्र मी देवघरातल्या डबीखाली ठेवलंय. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. ‘घर मी जसं दिलं तसं असेल तर राहा, नसेल तर भाड्याने घ्यायला ती कंपनीवाली मंडळी थांबलीच आहेत, दिवाळीआधी येऊन बघते आणि ठरवते.’ तुमचं काही चुकलं नाही, वन्सं. घर तुमचं. बळवंतरावांची इथली नोकरी संपल्यावर तुम्ही ते कुलूप लावून ठेवू शकला असता, ते आम्हाला दिलंत, आणि यांच्या सरकारी क्वार्टरचा नंबर अजून वेटिंग लिस्टमध्ये कुठेतरी झोपलेला आहे. पण तनयाची यंदा बारावी आहे. मार्चमध्ये बोर्ड. तिची शाळा (इकडे बारावीही शाळेतच असते), क्लास, सायकल, मैत्रिणी सगळं या सेक्टरमध्ये. आत्ता नोव्हेंबरात सामान बांधून दिल्लीत मुनिरकात दोन खोल्या शोधायच्या म्हणजे पोरीच्या वर्षाचं वाटोळंच. म्हणून ते वाक्य वाचल्यापासून मी या घरात पाहुण्यासारखी वावरत होते. भिंतीला टाचणी लावली नाही. कॅलेंडर टेबलावर आडवं ठेवून वाचतो.

मग हे सगळं झालेलं मी तुम्हाला आपणहून का सांगतेय? तर आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या शालिनीबाई परवा पुण्याला जाणार आहेत, भाचीच्या साखरपुड्याला. त्यांनी ते सिंक त्या अवस्थेत पाहिलेलं आहे. शालिनीबाई तुमच्याकडे आल्याशिवाय राहणार नाहीत आणि आल्यावर चहाचा कप खाली ठेवायच्या आत सांगितल्याशिवायही राहणार नाहीत. त्या गाडीने निघणार, हे पत्र स्पीडपोस्टने निघतंय. बघू कोण आधी पोचतं ते.

तर झालं असं. तुम्हाला आठवतंय ना, बिल्डरने या फ्लॅटमध्ये ते ठिपक्याठिपक्यांचं मोझेकचं सिंक दिलं होतं आणि तुम्ही ते पहिल्याच आठवड्यात काढून फेकलं होतंत. प्लंबरच्या डोक्यावर उभं राहून हे स्टीलचं बसवून घेतलंत, दोन कप्प्यांचं, बाजूला भांडी निथळायला उतार असलेलं. अख्ख्या सोसायटीत तसं सिंक दुसरं नाही. त्याचा अभिमान तुम्हाला होता तेवढाच मलाही होता, आणि तिथेच माती खाल्ली. यंदा मंडळात गौरींचं हळदीकुंकू ठरलं. मंडळाची पितळेची भांडी, म्हणजे सहा समया, चार ताम्हणं, पंचपाळं, तबकं, निरांजनं, वर्षभर पोत्यात बांधून कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पडलेली असतात. ती काळी कुळकुळीत निघाली. कुठे घासायची यावर चर्चा चालली होती. मी कोपऱ्यात गप्प बसले होते, तशीच बसले असते तर हे पत्र दोन ओळींत संपलं असतं. पण तोंडातून निघून गेलं की आमच्याकडे आणा, आमचं सिंक डबल आहे. (मोठेपणा अंगाशी येतो तो असा.)

आपल्याकडे पितळ म्हटलं की चिंच आणि मीठ. आई तेच करायची, सासूबाई तेच करायच्या, तुम्हीही तेच करता. सहा बायका जमलो, चिंचेचा कोळ केला, मूठमूठ मीठ घातलं, भांड्यांना लेप दिला आणि दोन्ही कप्पे गच्च भरून ठेवले. भांडी इतकी काळी होती की घटकाभर भिजू दे म्हटलं. तेवढ्यात नळाने फुसफुस केलं आणि पाणी गेलं. सोसायटीची मोटर जळाली होती. गुडगावात मोटर जळाली की आधी प्रेसिडेंटसाहेब सापडत नाहीत, मग मिस्त्री सापडत नाही, आणि दोघे सापडले की लाईट जाते. टँकर आला, पण त्याचं पाणी प्यायला आणि संडासाला, पितळेला कोण देतंय. बायका आपापल्या घरी गेल्या, जाताना म्हणाल्या, जितकी जास्त भिजतील तितकी लख्ख होतील. मलाही ते पटलं. दोन दिवस आम्ही बाहेरून राजमाचावल आणून खाल्लं, आणि तुमचं सिंक चिंच आणि मीठ खात बसलं.

तिसऱ्या दिवशी पाणी आलं. भांडी सोन्यासारखी निघाली, त्यात खोट नाही. शालिनीबाई ती न्यायला आल्या, शेवटचं ताम्हण त्यांनीच उचललं आणि खाली बघून म्हणाल्या, अगं बाई. बास, एवढंच. त्यांना एवढं थोडक्यात बोलताना मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, त्यावरूनच मी काय ते ओळखलं. डाव्या कप्प्यात ताम्हणाची गोल काळपट कडी उमटली होती, कंपासने काढावी तशी. उजवीकडे समयांच्या बुडांची तीन वर्तुळं एकात एक अडकलेली, आणि सगळीकडे गोवर आल्यासारखे तांबूस ठिपके. साबणाने धुतलं, गेलं नाही. परत धुतलं, तर ठिपके जास्तच स्पष्ट दिसायला लागले.

त्या दिवसापासून स्वयंपाकघरात कुणी आलं की मी सिंकवर मोठी परात उपडी घालत असे. वरच्या मजल्यावरच्या सलोनीने (पंजाबी आहे, स्वभावाने चांगली, पण प्रत्येक गोष्टीवर तिच्याकडे एक मासिक असतं) दोनदा विचारलं की आंटी, ये परात हमेशा यहाँ क्यों रहती है. मी सांगितलं की हमारे में ऐसा ही होता है. आपल्यात काय काय होतं याबद्दल त्या मुलीची आता काय समजूत झाली असेल कोण जाणे.

पहिला उपाय केला आमच्या कामवालीने. कमलेश तिचं नाव. (इकडे बायकांचंही असतं. यांनी महिनाभर ती पुरुष आहे अशा समजुतीने मला नाही नाही ते प्रश्न विचारले होते.) ती म्हणाली, बीबीजी, इसका इलाज सै मेरे धोरे (म्हणजे माझ्यापाशी), आणि लोखंडी तारेची घासणी घेऊन अशी काही तुटून पडली की शेजारच्यांनी बेल वाजवून आवाज कसला म्हणून विचारलं. सिंक उजळलं. मी खूश होऊन तिला यांचा जुना स्वेटर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अख्खं सिंक नारिंगी. परवा गोवर होता, आज कावीळ. तारेचे बारीक तुकडे स्टीलला चिकटून राहिले होते आणि त्यांना गंज चढला होता, पण ते तेव्हा मला कुठलं कळायला. मला वाटलं स्टीलच सडलं. स्वेटर परत मागायचा विचार दोनदा मनात आला, मागितला नाही.

मग अर्थातच सलोनीचं मासिक. परातीखाली काय आहे ते शेवटी तिला दाखवावंच लागलं. मासिकात म्हटलं होतं की चमक येण्यासाठी तेलाचा हात फिरवावा. कुठलं तेल ते त्या पानावर नव्हतं, पुढच्या पानावर असेल, ते तिने फाडून ब्यूटीपार्लरला दिलं होतं. आपल्या हाताशी खोबरेल. मी सढळ हाताने लावलं. संध्याकाळपर्यंत मुंग्यांनी ते सिंक सहकारी तत्त्वावर ताब्यात घेतलं. तनया म्हणाली, आई, यार, ये तो हद हो गयी. मी म्हटलं मराठीत बोल. तर म्हणाली, मराठीत हद्दला काय म्हणतात? मी हद्दच म्हणतात असं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

तिसरा उपाय सांगायच्या आधी पुन्हा एकदा, सिंक ठीक आहे. बाजारातल्या हार्डवेअरवाल्याने एक बाटली दिली. टॉयलेट में डालो तो नया, सिंक में डालो तो नया. तेजाब, म्हणजे ॲसिड. तुमच्या सुनेएवढी अक्कल मला नसेल, पण इतकी होती की सगळीकडे न ओतता डाव्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात चमचाभर टाकलं. फस्स करून धूर आला, तनया खोकत गॅलरीत पळाली, मी नळ पूर्ण सोडून खिडक्या उघडल्या आणि ओट्याला धरून उभी राहिले. धूर गेल्यावर पाहिलं तर कोपऱ्यात तळहाताएवढा राखाडी डाग. तेव्हा मात्र माझा धीर सुटला, वन्सं. मी तिथेच जमिनीवर बसले. मनात म्हटलं, झालं, आता पोरीला परीक्षेच्या तोंडावर बिऱ्हाड बदलायला लावणार ती मीच. पोरीने आतून पुस्तक आणलं आणि माझ्या शेजारी येऊन फरशीवर बसून केमिस्ट्री वाचायला लागली. त्यामुळे मला आणखी रडू आलं.

तुमचे भाऊ या काळात काय करत होते, असं तुम्ही विचाराल. ते रोज ऑफिसच्या चार्टर्ड बसमधून उतरून आले की आधी सिंकपाशी जात, हात मागे बांधून पाहणी करत आणि ‘हं’ म्हणत. एकदा त्यांनी कागदावर डागांचा नकाशा काढून प्रत्येकाला नंबर दिला. मी तो कागद फाडला. पण मी माणूस खरं बोलणारी आहे, म्हणून हेही लिहिते की शेवटी मार्ग त्यांनीच काढला. सप्टेंबरच्या शेवटी एक दिवस आले आणि बूट काढता काढता म्हणाले, मानेसरच्या हणमंतरावांना बोलावू या का? चोवीस वर्षांच्या संसारात घरातल्या कामाबद्दल स्वतःच्या डोक्याने काढलेला हा त्यांचा पहिला विचार. मी विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं? तर म्हणाले, सुचलं आपलं.

हणमंतराव तुमच्या ओळखीचेच आहेत. मूळचे इचलकरंजीचे, मानेसरला गाड्यांचे पार्ट बनतात त्या कारखान्यात पॉलिशच्या खात्याचे फोरमन, आणि आरतीला झांज वाजवतात ते. दोन ऑक्टोबरला कारखाना बंद होता म्हणून आले. चहा नको म्हणाले. बाह्या वर केल्या आणि सिंककडे पाच मिनिटं नुसतं बघितलं, मधे मधे मान तिरकी करून. आम्ही तिघं मागे रांगेत उभे. मग त्यांनी काठावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि विचारलं, तारेनं कुणी घासलं? मी कमलेशचं नाव सांगितलं. मीठ कुणी टाकलं? आता नाव माझंच होतं. तेजाबाचा कोपरा दिसल्यावर त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी सुद्धा माझ्याकडे कधी तसं बघितलं नव्हतं.

आणि मग ते म्हणाले, ‘वैनी, घाबरू नका. हा गंज सिंकचा न्हाई, तारेचा हाय. सिंक आत धड आहे.’ या वाक्यावर मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते. सामान काय मागितलं असेल? खायचा सोडा, भांड्यांचा साधा साबण, तनयाच्या चाऊमीनसाठी आणलेलं व्हिनेगर आणि एक मऊ सुती कापड. मी यांचं जुनं धोतर दिलं. सोड्यात पाणी घालून पातळसर लेप केला, सिंकला लावला आणि घड्याळ बघून पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं. मग कापड माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, नीट बघा, स्टीलवर बारीक रेघा आहेत, त्या ज्या दिशेनं जातात त्याच दिशेनं हात चालवायचा, गोल गोल न्हाई. आपण जन्मभर सगळं गोल गोल घासत आलो, वन्सं. तवा गोल, पातेलं गोल, घागर गोल, हाताला दुसरं वळणच नाही. चार वेळा चुकले, चार वेळा टोकलं. नंतर धुतलं, व्हिनेगरचा बोळा फिरवला तसा खारट पाण्याचा पांढरा थर निघाला (आपल्याला वाटायचं तो स्टीलचाच रंग), परत धुतलं आणि कोरडं पुसलं. कावीळ गेली. गोवर गेला. समयांची वर्तुळं गेली. ताम्हणाच्या कडीला दोनदा करावं लागलं, मग तीही गेली. तळाशी खिडकी दिसायला लागली, खिडकीत समोरच्या बिल्डिंगचं बांधकाम, आणि त्यात मी, केस विस्कटलेली. इतकं हलकं मला तनयाच्या दहावीच्या निकालाला सुद्धा वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि दुपारी गाढ झोपले.

हणमंतरावांनी जाताना सांगितलं की स्टीलला वारा लागला की ते आपली कातडी आपणच धरतं, तुम्ही फक्त मीठ, आंबट आणि ब्लीच त्याच्यावर साठू देऊ नका, तार लावू नका, ओलं ठेवू नका. आता रात्रीची भांडी झाली की सिंक धुवून कोरडं करायचं, हा नियम झालाय. कमलेश म्हणते, इतनी सेवा तो मेरी सास की भी ना हुई. दोन आठवडे झाले, एक ठिपका परत आलेला नाही. म्हणून दसऱ्याला तुम्ही फोनवर विचारलंत की स्वयंपाकघर ठीक आहे ना, तेव्हा मी बिल्कुल ठीक असं म्हटलं. ते खरंच होतं. त्याआधीच्या तीन आठवड्यांचं तुम्ही विचारलं नव्हतंत.

असो. या, अगदी केव्हाही या. परात जागेवर गेली आहे. बळवंतरावांना नमस्कार, गुडघ्याला शेक, आणि तुम्हाला पुन्हा एकदा वाकून.

तुमची भावजय, थकलेली पण स्वच्छ,
अलका

ता. क. – मी माणूस खरं बोलणारी आहे असं वर लिहिलंय, म्हणून हे. उजव्या कप्प्यात जाळीपाशी तीन बारीक टोचे राहिलेत आणि तेजाबाचा कोपरा तिरक्या उन्हात जरा मंद दिसतो. हणमंतराव म्हणाले, खड्डा घासून जात नसतो, आजूबाजूचंच घासून जातं. तुम्ही सकाळी अकराच्या आत बघू नका म्हणजे झालं.

ता. क. २ – आता मुद्दा. सिंकपायी घर काढून घेणार असाल तर घ्या, पण एप्रिलपर्यंत थांबा. मार्चमध्ये तनयाचा शेवटचा पेपर झाला की त्याच दिवशी सामान बांधते. एवढं एकच मागते आहे. वरची सगळी पानं हे मागायचा धीर यावा म्हणून लिहिली.

ता. क. ३ – पाकीट चिकटवायला डिंक हवा होता. यांच्या ऑफिसच्या बॅगेत असतो म्हणून हात घातला, तर तुमचं अंतर्देशीय हाताला लागलं. कस्तुरबा गांधी मार्गाच्या ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं, २४ सप्टेंबरचं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं, पण त्यात माझं नाव होतं. म्हणजे यांनी शालिनीबाईंच्या ‘अगं बाई’च्या दुसऱ्याच दिवशी तुम्हाला सगळं कळवलं होतं, नकाशासकट (मी फाडली ती दुसरी प्रत असणार). आणि तुम्ही लिहिलंत, ‘भालू, सिंकचं काय एवढं. पोरीची बारावी आहे, कंपनीवाल्याला मी नाही म्हणून कळवून टाकलंय. हणमंतरावांना बोलाव, पण मी सांगितलं म्हणू नकोस. आणि अलकाला यातलं इतक्यात काही बोलू नकोस, ती मला आपणहून सांगते का ते बघायचंय.’

वन्सं, मी अर्धा तास ओट्याला टेकून नुसती उभी होते. रडले, मग हसले, मग यांचा राग आला, मग तुमचा, मग कुणाचाच नाही. नोव्हेंबरात कुठे जायचं नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. ता. क. २ रद्द समजा. शालिनीबाईंबद्दलचा मजकूरही वाचला नाही असं समजा, म्हणजे मी आपणहून सांगितलं असं होईल.

मला हे कळल्याचं मात्र तुमच्या भावाला कळू देऊ नका. दोन ऑक्टोबरपासून माणूस न सांगता दोन्ही वेळा सिंक कोरडं करतोय. मला वाटत होतं या वयात शहाणपण आलं, आता कळलं की मनाला टोचणी आहे. परवापासून ओटाही पुसतात. मार्चपर्यंत काही बोलू नका.